ऊन खाणारं प्लॅस्टिक

आमच्या साडूंना ऊन जेवढं कळायचं, तेवढं या जगात दुसऱ्या कोणाला कळत नसावं. आणि ते समजावून सांगायला लागले की आम्हाला होतं नव्हतं तेवढंही कळेनासं व्हायचं. नव्वदच्या दशकात ते रोह्याच्या एका रंगांच्या कंपनीत, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, ऊन खाऊन वीज देणारं प्लॅस्टिक बनवत होते. सुट्टी मिळाली की थेट पेणला, माझ्या गणपतीच्या कारखान्यात. चहा हातात यायच्या आत सुरू. "साडूभाऊ, लाल दिसतं ते लाल तेवढं सोडून देतं, बाकीचा उजेड गिळतं!" मी समोरच्या सोंडेकडे बघत राहायचो. मग इतकी वर्षं मी बाप्पाला फासत होतो ते काय?

एकदा त्यांनी माझ्या कारागिरांनाच हात धरून रांगेत उभं केलं. म्हणे, प्लॅस्टिकच्या पोटात अशीच साखळी असते. सगळे सरळ, एका पातळीत राहिले तर साखळी लांब, रंग गडद, ऊन भरपूर खाणार. एक जरी वाकडा वळला तर साखळी तिथंच तुटली, रंग फिका आणि भूकही कमी. तेवढ्यात एकाला शिंक आली. "बघा, पिवळे पडलात!" साडू ओरडले. कोणाला काही म्हणजे काही कळलं नाही, पण तो बिचारा दिवसभर आरशात बघत होता.

मग मुंबईचे मोठे साहेब येणार असं ठरलं. मीटरचा काटा हलला तर साडूंचा कोपरा राहणार, नाहीतर बंद. साडूंनी काचांवर लालभडक प्लॅस्टिकचा थर चढवला, तारा जोडल्या आणि काचा रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आपल्या घरी कपाटात जपून ठेवल्या. बिनतारांची एक नमुन्यादाखल मला दिली. इकडे मेव्हणीला नवऱ्याची काळजी. तिनं कपाटातल्या काचा गच्चीवर कुरडयांशेजारी मांडल्या. "ऊन खानारी वस्तू हाय ना? मग कपाटात उपाशी कशाला?" साडूंनी बघितलं तेव्हा सगळ्या फिक्या पिवळ्या. उन्हावाऱ्यानं साखळ्या तुटल्या होत्या.

साहेबांसमोर काटा हलला नाही. मेव्हणी रडून रडून अर्धी झाली. साडूंनी ती पिवळी काच खिडकीशी धरली आणि म्हणाले, "अगं, रडतेस काय? साखळी तुटली की भूक मरते, हे मी सांगून थकलो. तू करून दाखवलंस!" कोपरा गेलाच. त्यांना गोडाऊनवर टाकलं.

माझी काच रंगांच्या कपाटात, काळ्या फडक्यात गुंडाळलेली. साडू यायचे, पण फडकं सोडून बघायचे नाहीत. नुसतं विचारायचे, "आहे ना लाल?"

आता साडू नाहीत. साखळीचं मला अजूनही नाय कळलेलं. पण गणपती गेले की फडकं जरासं वर करतो आणि मेव्हणीला फोन लावतो. "ताई, लाल आहे हो अजून."

ती हळूच म्हणते, "उन्हात नाय ना ठेवलीत, भावजी?"