बाबांच्या हातावरचा निळा गोल

काल नातवाला लस टोचताना स्पिरिटचा वास आला आणि मला बाबा आठवले, अंधेरीच्या हॉस्पिटलातल्या खाटेवर पाय सुजून पडलेले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्सोव्याच्या धक्क्यावर त्यांच्या पायात गंजका खिळा घुसला होता आणि चार दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत लालबुंद झाला होता. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहून दिलं.

सिस्टरनी मात्र आधी त्यांच्या हाताच्या कातडीत थेंबभर औषध टोचलं, त्याभोवती बॉलपेननं गोल काढला आणि म्हणाल्या, "आता अर्धा तास थांबायचं."

बाबा तापानं फणफणले होते. मी भडकले. "सिस्टर, वाट कसली बघताय? पूर्ण इंजेक्शन द्या ना!"

"टेस्ट बघितल्याशिवाय नाही देणार," असं शांतपणे म्हणून त्या बाबांच्या उशाशीच उभ्या राहिल्या.

थोड्याच वेळात गोलातली कातडी लाल होऊन फुगली, बाबा हात खाजवू लागले. सिस्टरनी डॉक्टरांना बोलावून औषध बदलून घेतलं. पूर्ण डोस गेला असता तर श्वास अडकून जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

नव्या औषधानं बाबा बरे झाले. मला छळ वाटलेल्या त्या अर्ध्या तासामुळेच त्यांनी पुढे माझी लेकरं खेळवली.

घरी निघताना मी सिस्टरची माफी मागू लागले, तर त्यांनी माझा गाल ओढला. "अगं, बाप आहे तुझा. तू नाही ओरडणार तर कोण ओरडणार?"