खिशातला कळप
मुलगा दुकानातून आला की त्याच्या शर्टाला तेजाबाचा वास येतो, आणि मला एक जुनी दुपार आठवते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. परमुलखात आमचं सोनं गाळायचं दुकान. गावी, विट्याकडं, वर्षातून एकदा जत्रेला यायचो. रेल्वेनं आणि एसटीनं अंग मोडून आलं होतं, तरी पोचल्या पोचल्या मी चुलीपुढं, आणि हे सोप्यात पोराचा हातात धरून खेळायचा गेम घेऊन बसलेले. त्यात गवतात हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना नावं द्यायची, वाढवायचे. भट्टीपुढून उठले की रोज हेच. “आवं, पोराचा खेळ हाय त्यो,” मी वैतागले. “दिसभर लोकांचं सोनं गाळायचं आन् परत द्यायचं,” ते मान वर न करता म्हणाले, “ह्यात धरलेलं आपल्याजवळ ऱ्हातंय.” सासरे जवळ सरकले. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. आमच्या दुकानासाठी कळप विकल्यापासून कमीच बोलायचे. “नावं काय ठिवली रं?” ह्यांनी हळूहळू वाचून दाखवली. काळी, बांडी, भुरी, लंगडी. विकलेल्या मेंढ्यांचीच नावं ती. सासऱ्यांनी गेम हातात घेतला, अंगठ्यानं काच पुसली. “ह्यास्नी पाणी कवा पाजतोस?” “ह्यात तहान लागत न्हाई, आबा.” सासऱ्यांनी गेम परत दिला आणि काठी घेऊन ते बाहेर गेले. आता दुकान मुलगा बघतो आणि हे दिवसभर खाटेवर पडून असतात. तहान न्हाई म्हणतात. मी तरी तांब्या भरून उशाशी ठेवते.