जवाईबापू समोर असताना

महामारी माणसाला जीवन-मृत्यूच्या गाभ्यापर्यंत नेते, असं त्या काळात बरेच जण लिहीत होते. आमच्या घराला तिने जुलाब हा शब्द मोठ्याने उच्चारायला शिकवलं. गाभ्यापर्यंत आम्ही पोचलो की नाही सांगता येत नाही, आतड्यापर्यंत मात्र नक्की पोचलो.

दुसऱ्या लाटेत आईला कोरोना झाला आणि बरीच फोनाफोनी केल्यावर एका खासगी दवाखान्यात बेड मिळाला. आत नातेवाइकांना बंदी होती. फाटकाशी पायाने दाबायचं सॅनिटायझरचं स्टँड होतं. त्याचं फीत कापून उद्घाटन झालेलं होतं, आणि ती कापणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो स्टँडच्या बरोबर वर लावला होता. जंतूंनी आत शिरताना आधी त्यांचं दर्शन घ्यावं अशी ती योजना दिसत होती.

आईची भेट व्हायची ती व्हिडिओ कॉलवर. रोज संध्याकाळी सिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन तिच्यासमोर धरायची. प्रताप नगरातून मी आणि बायको, हुडकेश्वरहून बहीण आणि तिचा नवरा, आपापल्या फोनवर. हे सगळं जुळवून द्यायचे बहिणीचे यजमान, म्हणजे आमच्या घरचे जावई. ते मिहानमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, त्यामुळे कॉलची लिंक, वेळ, कोणाचा आवाज येत नाही, हे खातं आपसूक त्यांच्याकडे गेलं होतं. ते सगळ्यांत आधी हजर असायचे आणि सगळ्यांत शेवटी जायचे.

आमचं मूळ घराणं उमरेडचं, विणकरांचं. मागावर आता कोणी बसत नाही, पण काही गोष्टी मागाबरोबर गेल्या नाहीत. सासू जावयासमोर डोक्यावरून पदर घेते, त्यांच्याशी थेट फारसं बोलत नाही, आणि स्वतःच्या शरीराबद्दल तर अजिबात नाही. जावयाच्या लेखी सासूला पोट नसतंच. दवाखान्याच्या गाऊनला पदर नव्हता, म्हणून फोनमध्ये जावयांचा चेहरा दिसला की आई ऑक्सिजनच्या नळीसकट पांघरुणाची चादर डोक्यावर ओढायची. सिस्टरला वाटायचं, आजींना थंडी वाजते.

हळूहळू ऑक्सिजन निघाला. फुप्फुसं सुधारली. मग रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि सुट्टीचा दिवस ठरला. त्या दवाखान्यात सुट्टी म्हणजे सोहळा असे. सगळा स्टाफ दोन्ही बाजूंना उभा राहून टाळ्या वाजवी, रुग्णाला गुलाब आणि 'कोरोनायोद्धा' असं लिहिलेलं प्रमाणपत्र मिळे. युद्ध लढल्याचं आईच्या ध्यानात नव्हतं, पण तिने हो म्हटलं होतं. फाटकातून बाहेर येतानाचा व्हिडिओ जावई काढणार होते.

आदल्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे जमलो. आईने चादर डोक्यावर ओढायला हात उचलला आणि तिच्या बांगड्या घसरत कोपरापाशी गेल्या. आजार गेल्याचा कागद होता, आणि बाई आठवड्यापूर्वीपेक्षा निम्मी दिसत होती. ओठ कोरडे, डोळे खोल. बरं आहे का, असं मी विचारलं. बरं आहे, ती म्हणाली. जेवलीस का? जेवली. हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. फोनच्या ज्या कोपऱ्यात जावई असायचे, तो कोपराही टाळत होती.

मला कशाने सुचलं ते सांगता येणार नाही. मी जावयांना म्हटलं, आईला जरा दागिन्यांचं बोलायचंय. हे कारण कुठल्याही सभ्य जावयाला पुरतं. ते घाईघाईने हो हो म्हणाले आणि त्यांचा चौकोन काळा झाला.

"गेले काय जवाईबापू?" आईने विचारलं.

"गेले. आता सांग, काय होऊन राहिलं तुले?"

चादर डोक्यावरून खाली आली. "पोटात काहीच टिकून नाही राहिलं गा. पानी पेलं का चाललं. दिवसभर तेच. आता तं संडासपर्यंत जाववत नाही."

"कधीपासून?"

"इंजेक्शनं चालू होते तवापासून."

"मंग डॉक्टरले काहून नाही सांगितलं?"

"ते रोज इचारे, पोट साफ होते काय म्हणून. मी म्हनो, होते."

फोन धरलेल्या सिस्टरला राहवलं नाही. आजी, मला तरी सांगायचं, ती म्हणाली.

"तुह्या हातात फोन राह्यते," आई म्हणाली, "अन् फोनात जवाई."

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. सिस्टरने फोन उशीवर तसाच टाकला आणि ती डॉक्टरांना आणायला धावली. बराच वेळ आम्हाला वॉर्डचा पंखा दिसत राहिला. सुट्टी रद्द झाली, सलाईन लागलं, शौचाचा नमुना तपासायला गेला. मूत्रपिंडांवर ताण आलाय, उद्या घरी नेलं असतं तर परवा पुन्हा आणावं लागलं असतं आणि बेड मिळालाच असता असं नाही, हे डॉक्टरांनी मला फोनवर कुठलाही सूर न लावता सांगितलं.

तपासणीत निघाला तो विषाणू नव्हता, जिवाणू होता. डॉक्टरांच्या सांगण्याचा अर्थ मला कळला तो असा: जड अँटिबायोटिकांनी आतड्यातले निरुपद्रवी जंतू मरतात आणि मग एका चिवट जिवाणूला सगळं घर मोकळं मिळतं. तो हातांवरून, नळांवरून, संडासच्या कडीवरून पसरतो. सॅनिटायझरने तो मरत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याने हात धुतले तरच तो निघून जातो. वॉर्डात सगळे दिवसभर हातमोजे घालून असायचे आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना मोज्यांवरच सॅनिटायझर चोळायचे. मोजे बदलायला वेळ नव्हता, कधी कधी मोजेही नव्हते.

म्हणजे हे इथूनच लागलं का, मी विचारलं.

"बहुधा," डॉक्टर म्हणाले.

त्या वर्षात मी कोरोनाबद्दल पुष्कळ ठाम माणसं ऐकली होती. काढे सांगणारे, आकडे सांगणारे, गच्चीवरून थाळ्या वाजवणारे. या थकलेल्या माणसाच्या 'बहुधा'वर मात्र माझा विश्वास बसला. रागही आला होता, पण तो कोणावर काढावा हे ठरेना. ज्या औषधांनी फुप्फुसं राखली असं आम्ही धरून चाललो होतो, त्यांनीच आतडी मोकळी केली होती. त्यावर इलाज म्हणजे आणखी एक अँटिबायोटिक. हे ऐकून आई म्हणाली, एकानं मोडलं तं दुसऱ्यानं बसवा.

ती वाचली. पहिले काही दिवस वाचेल असं वाटत नव्हतं, मग एका संध्याकाळी तिने वरणाला चव नसल्याची तक्रार केली आणि आम्ही सगळे फोनसमोर हसलो. सिस्टरने सांगितलं की मजल्यावरचं सॅनिटायझरचं स्टँड बाजूला सरकवलंय, कारण ते नेमकं हात धुवायच्या बेसिनसमोर उभं केलं होतं. बेसिनवर आता साबण होता. त्याचं उद्घाटन झालं नाही.

सुट्टीच्या दिवशी टाळ्या वाजल्या, गुलाब मिळाला, प्रमाणपत्रही मिळालं. त्यात कोरोनाचा उल्लेख होता. दुसऱ्या आजाराबद्दल कोणी योद्धा वगैरे म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस उलगडत नव्हती. त्या दागिन्यांच्या संध्याकाळी मी कोणालाही काही कळवायच्या आत फाटकावरच्या चौकीदाराकडे आईच्या नावाने एक पिशवी पोचली होती. तिच्यात मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं, नारळपाणी आणि सुती लुगडी होती. मला वाटलं बहिणीने धाडली, बहिणीला वाटलं मी. दिवाळीत विषय निघाला तेव्हा जावई ताटातल्या अनारशाकडे बघत राहिले. आई समोरच होती, डोक्यावर पदर घेऊन त्यांना वाढत होती, आणि त्यांना यातलं काही ठाऊक नाही याची तिला आजही खात्री आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी फक्त कॅमेरा बंद केला होता.