तासणाऱ्याचा पाय

गोल ओंडका चौकोनी करणे म्हणजे तासणे. शब्द संस्कृतातल्या ‘तक्ष्’ धातूचा. सुताराचे जुने नाव तक्षक हेही त्यातलेच. एवढे ठाऊक होते. तासताना ओंडका पायाने दाबून धरतात, हे मात्र आज एका सुताराच्या अंगणात पाहिले. तासणीचा प्रत्येक घाव त्याच्या पायाच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर पडत होता.

मी ‘जपून’ म्हणायला तोंड उघडले, तोच दारातून सुताराची बायको कुजबुजली, “गप ऱ्हावा, सायेब. बोललं की ते मान वर करत्यात. मागं मीच जेवायला हाक मारली हुती.”

ओंडक्यावरच्या त्याच्या डाव्या पायाला चारच बोटे होती.

शब्द इतका जुना, आणि पाय अजून तिथेच. तीन बाजू सरळ झाल्या. त्याने ओंडका फिरवला आणि तोच पाय पुन्हा वर ठेवला.