दिवसभर थ्रेशर, संध्याकाळी रोबोट

मंडळी, आज आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात दिवसभर धान मळायचे थ्रेशर दुरुस्त करून घरी आलो, अंगात जीव नव्हता. बायको मोबाइलवर गेम खेळत होती. तिचा डोंगराएवढा रोबोट डावीकडून उजवीकडे लढत चालला होता.

"थांबव, त्याचा गुडघा वाजून राहिला," मी म्हटलं.

"आता कायले थांबवू जी? समोर मोठा दुश्मन आहे!"

दोन पावलांत रोबोट कोसळला. तिनं चिडून मोबाइल माझ्याकडे दिला. "घ्या मिस्त्री, करा आता!"

तिनं गेममध्ये जिंकलेल्या पार्टमधला नवा गुडघा मी रोबोटले बसवला. ना ग्रीस, ना थ्रेशरमालकाचे फोन. दुश्मन पडला, आणि खेळण्याच्या नादात माझा चहा राहूनच गेला.

मी दुरुस्त केलेलं मशीन बिघडून पुन्हा माझ्याच दारात येते. तिथं गेममध्ये ते पुढं जाते.

थकल्यावर तुम्हीही असंच काही करता काय?