रस्त्याच्या जागेवरचा राब

मी भांडकुदळ आहे हे माहेर-सासर दोन्हीकडच्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की मी ते नाकारायचं सोडून दिलं. पण आमच्या गावचा माळ या बाईनं वाचवला, असं कुणी म्हणायला लागलं की मात्र मला राहवत नाही. ते अर्धंच खरं आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. लोणावळ्यात मुंबईच्या शेटलोकांचे बंगले भराभर उठत होते. तिथल्या जागा महागल्या तसा एक शेट आमच्या गावाकडे वळला. गावामागून लोहगडाच्या अंगाला चढत गेलेला मोठा माळ होता, साऱ्या भावकीचा सामाईक. शेटला तो सगळाच्या सगळा हवा होता. तिथं बंगल्यांची वसाहत करायची, मधोमध बाग करायची आणि मुंबईच्या माणसांनी उन्हाळ्यात हवा खायला यायचं, असा बेत होता.

पौषात त्याचे दिवाणजी देवळात आले, गाव जमलं. पंचांत पहिला मान आबांचा. ते माझे चुलत सासरे. भांडण कुणाचंही असो, आबा बोलले की मिटायचं, कारण दिलेला शब्द त्यांनी उभ्या जन्मात फिरवला नव्हता. त्यांनी माळ द्यायचा शब्द दिला. कागद दिवाळीनंतर करायचा ठरला. पोरं माळी होतील, रखवालदार होतील, दूध दारातून उचललं जाईल, असे मनातले मांडे सगळे खायला लागले. मी बायकांच्या मागून विचारलं, "मग राब कशावर भाजायचा?"

"सूनबाई, त्याचं बगू म्होरं," आबा म्हणाले, आणि माणसं हसली.

हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. आमच्याकडे भाताचं बी नुसतं मातीत टाकून भागत नाही. उन्हाळ्यात खाचराच्या एका तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर पालापाचोळा आणि टहाळ, त्यावर गवत, वर बारीक माती, आणि ते सगळं वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवून धुमसू द्यायचं. हा राब. त्यानं जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं. मग त्या राखेत पेरलेलं भाताचं रोप, ज्याला आम्ही आवण म्हणतो, ते जोमानं येतं, आणि पावसात उपटून सगळ्या खाचरात लावलं जातं. पाला, टहाळ, गवत सगळं माळावरचं. माळ गेला की राब गेला, आणि राब गेला की भात गेला. इतकी सरळ गोष्ट पुरुषांच्या डोक्यात का शिरत नाही म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माळावर मोटार न्यायची तर रस्ता आमच्याच खाचरातून काढावा लागणार होता. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला खडक. दिवाणजी घरी आले. घरधनी लोणावळ्याला रेल्वेत खलाशी, ते कामावर. मी दाराआडूनच बोलले.

"वहिनी, नुसती पट्टी हवी आहे. बाकीचं शेत तुमचंच राहील."

"शेताच्या मधनं मोटारी गेल्यावर ऱ्हायलंच काय? पट्टी द्यायची न्हाई."

"आबांनी शब्द दिला आहे."

"त्यो माळाचा दिला. ह्ये खाचर आमचं हाय."

सुट्टीला घरधनी आले ते आधीच कुणीतरी कान भरलेले. आबांच्या शब्दाबाहेर कसं जायचं, असं म्हणायला लागले. मी म्हटलं, "अंगठा तुमचा, कुटं बी उठवा. पर त्या दिसापास्नं भाकरी थापणारी दुसरी बगा." ते जेवले आणि पहाटेच्या गाडीनं गेले. अंगठा काही त्यांनी उठवला नाही. फार बोलणारा माणूस नव्हता, पण जेवणाची कदर होती.

कागद व्हायच्या आधीच, नुसत्या शब्दावर, माळाला काटेरी तार पडली. गावानं तीही पडू दिली. यंदा पेंढा जाळून थोडक्यात भागवू, असं घराघरातून ठरलं. मला मात्र एवढंच दिसत होतं की, पट्टी मोकळी दिसली तर एखाद्या दिवशी येऊन मुरूम टाकतील. म्हणून मी हट्टानं त्या सबंध पट्टीवर राब करायचं ठरवलं, बांधापासून बांधापर्यंत. माझ्या खाचराला त्याचा पाव हिस्साही पुरला असता.

पाला आणायला तारेपलीकडे जाता येईना. वरच्या वाडीतल्या एका मावशीनं मला डोंगराच्या मागल्या उताराची वाट दाखवली. वाडीतल्या माणसांची सरपणाची, गवताची सगळी भिस्त माळावरच, आणि त्यांना तर देवळातल्या बैठकीला कुणी बोलावलंही नव्हतं. मावशी आणि तिच्या सुना माझ्याबरोबर भारे वाहायला लागल्या. फाल्गुन गेला, चैत्र गेला. मानेचे काटे ढिले झाले. गावातले बांधावर उभे राहून विचारायचे, "येवढ्या आवणाचं काय लोणचं घालतीस?"

"घालीन, न्हाईतर गुरान्ला चारीन," मी म्हणायची, आणि पुढचा भारा टाकायची.

पट्टी भाजली तेव्हा दोन दिवस गावात धूर होता.

पाऊस वेळेवर आला. माझ्या पट्टीवर आवण असं दाट उठलं की नजर ठरेना. गावातल्या राबांवर मात्र रोपं पिवळी, बारीक, आणि त्यांच्या वर तण. पेंढ्याच्या आगीनं जमीन भाजलीच नव्हती. लावणी तोंडावर आली आणि निम्म्या गावाकडे लावायला काही नव्हतं.

आमच्यात आवण विकत नाहीत आणि मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. आबा आले ते अंगणात उभे राहिले, ओट्यावर बसले नाहीत.

"सूनबाई, आवण पायजे. माझ्यासाठी न्हाई, गावासाठी."

खरं सांगते, मला राग आला होता, आणि रागापेक्षा आनंद जास्त झाला होता. चार शब्द सुनावायचे म्हणून मी उन्हाळाभर जुळवून ठेवले होते. ते ओठावर आले. पण आबांचं तोंड उतरलेलं पाहून मी गिळले.

"न्या की. म्यां कुटं न्हाई म्हन्ते?"

दुसऱ्या दिवशी सगळं गाव माझ्या पट्टीत उतरलं. पावसासाठी पानांची इरली पाठीवर घेऊन माणसं ओणवी झाली, आवणाच्या मुठी बांधायला लागली. मी मनात म्हटलं, आता बघू रस्ता कुणाच्या पाठीवरून नेतात. त्याच दिवशी शेट आणि दिवाणजी रस्त्याची जागा बघायला आले. मोटार मागं चिखलात रुतली म्हणून बांधापर्यंत चालत आले. शेटनं विचारलं, "आबा, ही जागा मोकळी कधी होणार?"

आबा हातातली मूठ तशीच घेऊन उभे राहिले.

"रस्ता हितनं न्हाई शेट. आन माळ बी न्हाई."

"तुम्ही शब्द दिला होता!"

"व्हय, दिलता. त्यो मोडतोय. मला खोटा म्हना, मुंबईत चारचौघान्ला सांगा. तार तेवडी काढून न्या."

बाकीचे आवण उपटतच राहिले. शेट बरंच बोलला, कोर्टाची भीती घातली. आबा पुन्हा ओणवे झाले. दिवाळीआधी तार निघाली.

त्यानंतर आबांनी पंचांतली जागा आपणहून सोडली. गावानं विनवलं. मग मी गेले, डोक्यावरचा पदर सावरायचंही भान राहिलं नाही. "आबा, तुमी गावासाठीच मोडला ना शब्द? मग ह्ये कशापायी?"

"ज्याचा शब्द मोडला त्यानं दुसऱ्याचं खरं-खोटं करू न्हाई, पोरी."

मी रडले, भांडले, त्यांच्याशी दोन महिने बोलले नाही. काही उपयोग झाला नाही. मरेपर्यंत ते न्यायाला बसले नाहीत. बैठक असली की देवळामागच्या दगडावर बसून राहायचे.

माझं त्या माळासाठी काय गेलं? भारे वाहिले, कंबर दुखली, ती बरीही झाली. त्यांचं जे गेलं ते परत आलं नाही. गाव माझा हट्ट सांगतं. खरा हट्टी माणूस देवळामागच्या दगडावर बसून होता, तो त्यांना दिसलाच नाही.