बिनकारणाची सूट

“कारण लिहिल्याशिवाय पुढं सरकतच नाही गं तुझं यंत्र! ‘सोयीसाठी’ लिहिलं, नाही म्हणालं. ‘कार्यालयीन’ लिहिलं, तर म्हणे तपशील द्या. तू घडवलंस का कुणा फौजदारानं?”

थोरलीनं पिशवी बारकीच्या केबिनमधल्या टेबलावर आपटली नि खुर्चीत बसकण मारली. बारकीनं पाण्याचा ग्लास पुढं केला. बारकी म्हणजे बावन्न वर्षांची, विद्यापीठात संगणकशास्त्राची प्राध्यापक. पण घरात दोघीच बहिणी, त्यामुळे केस पिकले तरी ती बारकीच. थोरली हॉस्पिटलात मेट्रन.

बारकीचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. तीस नर्सा, सहा वॉर्ड, तीन शिफ्ट. कुणाची रजा, कुणाला सलग ड्यूटी नको. एक सांधावं तर तेरा तुटतात. अशा शेकडो अटी एका वेळी पाळणारी मांडणी यंत्राकडून शोधून घ्यायची. पूर्वी यंत्र अडलं की मागं फिरायचं नि पुन्हा त्याच दगडावर जाऊन आपटायचं. वीस वर्षांपूर्वी बारकीनं त्याला शिकवलं: अडलास, तर नेमक्या कोणत्या अटी एकमेकींच्या झिंज्या उपटतायत ते टिपून ठेव, म्हणजे त्या वाटेला पुन्हा जायला नको. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. इथं फक्त पुढचाही तोच नि मागचाही तोच. एवढ्याशा अकलेवर आज विमानांची वेळापत्रकं बसतात, परीक्षांचे वर्ग ठरतात, चाळीस हॉस्पिटलांच्या ड्यूट्या लागतात. दूरदूरचे संशोधक तिच्या निबंधाचा हवाला देतात. थोरलीला ठाऊक एवढंच, की पूर्वी जो तक्ता दोन दिवस खायचा, तो आता चहा निवायच्या आत हातात येतो.

कारणाचा रकाना मात्र बारकीचा लाडका. कुठल्याशा मेट्रननं भाचीला वर्षभर रविवार मोकळे दिले होते, तेव्हापासून तिनं तो सक्तीचा केला. लिहिलेलं कारण सगळ्यांना दिसलं की वशिला चालत नाही.

“कुणाला हलवायचंय?” बारकीनं विचारलं.

“एका पोरीला. सोमवारपासून बाळंतिणींच्या वॉर्डात लागलीय.”

“मग? का नको तिला?”

थोरली सावकाश पाणी प्यायली.

“ताई, मला तरी सांग.”

“तिनं मला दार लावून सांगितलं. मी तुला सांगायचं, तर तिनं कडी कशाला लावली?”

“मग ‘तब्येत’ लिही.”

“की सगळ्या जणी विचारायला मोकळ्या, काय झालं गं तुला? त्यापेक्षा नोकरी सोडते म्हणाली. राजीनामा लिहून दिलाय माझ्या हातात. चांगल्या हाताची पोर आहे, बारके. सुई टोचली तरी पेशंटला पत्ता लागत नाही.”

“अशी फट ठेवली तर उद्या सगळ्या भाच्या त्यातून आत शिरतील. शिवाय तिची ड्यूटी दुसरीवर जाणार. ती विचारेलच, मीच का म्हणून.”

“माझ्यावर टाक.”

“तुझ्यावर? गुडघे बघ आधी.”

“ड्यूटी मला लाव. गुडघे येतील मागनं.”

बारकीला हसू फुटलं, नि मधेच विरलं. आजवर तिनं हजारो अटी हाताळल्या. प्रत्येकीला नाव, वजन, कारण. सांगताच न येणारी अट तिच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. थोरली हातानं तक्ता लावायची, तेव्हा अशा किती अटी पोटात घालून लावत होती, कोण जाणे.

तिनं कीबोर्ड ओढला. महिन्याला दोन नावं हलवायची मुभा, कारण न विचारता. मात्र सूट देणारीनं तेवढीच जादा ड्यूटी स्वतःच्या अंगावर घ्यायची. भाचीवर एवढी माया कुठली मावशी करतेय!

यंत्र दोनदा अडलं. तिसऱ्यांदा तक्ता आला. त्यात त्या पोरीचं नाव बाकी एकोणतीस नावांसारखंच, ना खूण ना शेरा.

थोरलीनं ओळीवरून बोट फिरवलं. “रविवारी दुपारची मी?”

“तूच म्हणालीस.”

“म्हणाले खरी. मेली, लगेच ऐकायचं असतं का?” तिनं कागद घडी करून पिशवीत सारला, बारकीच्या पाठीवर हलकी थाप मारली. “जाते. तो राजीनामा फाडायचाय.”

ती गेली. बारकीच्या तासाला अजून वीस मिनिटं होती. एकोणचाळीस हॉस्पिटलं बाकी होती. तिनं पहिलं उघडलं, कारणाच्या रकान्यापुढचं ‘सक्तीचा’ खोडलं, नवी अट घातली आणि दुसरं उघडलं.